सक्तीची वर्गणी, महिना 18.36 युरो : जर्मनीच्या रुंडफुंकबायट्रागचा रिव्ह्यू

सेवा : जर्मनीतले सार्वजनिक रेडिओ आणि टीव्ही. दर : घरामागे महिना 18.36 युरो, तीन महिन्यांचे एकदम 55.08. नको असेल तर बंद करायची सोय : नाही. माझ्याकडून तारे : पाचपैकी साडेतीन.

न मागवलेल्या जिनसेचा रिव्ह्यू कुणी लिहीत नाही, मान्य. पण खात्यातून पैसे वेळच्या वेळी वजा होतायत म्हटल्यावर बोलायचा हक्क आलाच. शिवाय इथे नव्याने आलेल्या आपल्या पोरापोरींमध्ये या बायट्रागबद्दल इतक्या भलत्यासलत्या समजुती फिरत असतात, की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं कधीचं मनात होतं.

मी मूळची सांगलीची. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, मी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये, राहायला स्टुटगार्टला लागून असलेल्या एस्लिंगनमध्ये. इथे घर मिळालं की पालिकेत जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते, आनमेल्डुंग. ती झाली की आपलं नाव-पत्ता कोलोनच्या बायट्राग्ससर्व्हिसकडे, म्हणजे ही वर्गणी गोळा करणाऱ्या कचेरीकडे, पोचतो आणि काही आठवड्यांत पत्र येतं. पत्र अर्थात जर्मनमध्ये. घरात टीव्ही आहे का, रेडिओ आहे का, याची चौकशी त्यात नसते. 2013पासून कायदाच असा की घर आहे ना, मग भरा. त्याआधी यंत्रावर पैसे होते. नुसता रेडिओ असेल तर 5.76 युरो, टीव्ही असेल तर 17.98, आणि वसुली करणारी संस्था म्हणजे गेएत्सेट. तिचे तपासनीस दारोदार फिरायचे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सांगतात, बेल वाजली की त्यांचे यजमान आधी टीव्ही बंद करायचे आणि मग दार वीतभर उघडायचे. ती लपाछपी 2013मध्ये संपली. आता लपवायला काही उरलेलंच नाही.

दर ऑक्टोबरात कॉलेजं सुरू झाली की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर या पत्राचा फोटो पडतोच. ‘ताई, हे फ्रॉड आहे का? आमच्याकडे टीव्हीच नाही.’ फ्रॉड नाही बाळा. आणि पत्र कचऱ्यात टाकूनही काही होत नाही, कारण उत्तर आलं नाही तर ते आपणहून तुझं नाव नोंदवून मोकळे होतात. थकबाकी राहिली की किमान 8 युरो दंड, आणि त्यापुढे प्रकरण सरकारी वसुलीवाल्यापर्यंत जाऊ शकतं. मात्र एका फ्लॅटला एकच बायट्राग. चौघं मिळून राहत असाल तर आधी घरातल्या जुन्या माणसाला विचार, कुणी भरतंय का. भरत असेल तर त्याचा बायट्रागचा नंबर कळव, तुझं नाव निघतं. आणि हो, देश सोडून जाताना पालिकेत नाव कमी केलं म्हणजे इथलंही आपोआप कमी होत नाही. ते वेगळं कळवावं लागतं. कळवायचं राहिलं तर तू पुण्यात घरी पोहे खात असशील आणि इकडे बिल चालू.

आता माल कसा आहे ते सांगते, कारण यावर लोक फार कमी बोलतात. तक्रार करणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तर डबा उघडून बघितलेलाच नसतो.

पैसे जातात कुठे? 18.36पैकी 12.78 युरो एआरडीला, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या रेडिओ-टीव्ही संस्थांच्या संघाला. आमच्या भागात त्यातली एसडब्ल्यूआर येते. 4.69 झेडडीएफ या देशभरच्या टीव्ही संस्थेला, 54 सेंट डॉइचलांडफुंक हे देशभरचं रेडिओ केंद्र चालवणाऱ्या डॉइचलांडरेडिओला, आणि उरलेले 35 सेंट राज्यांच्या माध्यम-नियामकांना. परदेशांतल्या लोकांसाठी चालणारी डॉइचे वेले यात नाही. आपल्यातले बरेच जण तिच्या फुकट धड्यांवर जर्मन शिकलेले असतात आणि बायट्राग त्यासाठीच आहे असं धरून चालतात. पण तिचा खर्च केंद्र सरकार करातून करतं.

त्या 54 सेंटवाल्या डॉइचलांडफुंकपासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते सगळ्यात वसूल होणारी वस्तू तीच. जाहिरात नाही. सकाळी लॅबला जाताना गाडीत तेच लावलेलं असतं. मंत्र्याची मुलाखत चालू असेल तर मुलाखतकार मध्ये बोलतो, पण ओरडत नाही, आणि उत्तर टाळलं तर तोच प्रश्न तितक्याच शांतपणे पुन्हा विचारतो. पहिल्या वर्षी मला त्यातलं अर्धंही कळायचं नाही. तेव्हा त्यांचंच सोप्या भाषेतलं बातमीपत्र हाताशी होतं, नाखरिष्टनलाइष्ट. आठवडाभरच्या बातम्या लहान लहान वाक्यांत, अवघड शब्द खाली समजावून. आता 2024पासून टागेसशाऊचीही सोप्या भाषेतली आवृत्ती निघाली आहे. जर्मनच्या बी-वन परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी महागडी ॲप घेण्याआधी हे बघावं. तसेही पैसे भरलेलेच आहेत.

टागेसशाऊ म्हणजे रात्री आठच्या बातम्या. 1952पासून चालू. पंधरा मिनिटं, बस. घंटा वाजते, निवेदक नमस्कार करतो, बातमी सांगतो, हवामान, संपलं. आपल्या मराठी वृत्तवाहिन्यांवर पडद्याचे आठ चौकोन करून आठ माणसं एकाच वेळी भांडताना बघायची सवय झालेल्या डोळ्यांना पहिल्यांदा हे मिळमिळीत वाटतं. नवरा तर म्हणाला होता, ‘यात मीठच नाही.’ आता घरी सुट्टीला गेलो की तोच अर्ध्या तासात रिमोट शोधायला लागतो.

मुलांचं खातं तर भलतंच श्रीमंत. किका नावाची मुलांची स्वतंत्र वाहिनी आहे, एआरडी आणि झेडडीएफची मिळून, आणि तिच्यावर एकही जाहिरात नाही. चार वर्षांच्या पोराला घेऊन दुकानात गेलेल्या कुठल्याही आईला याची किंमत विचारा. आणि रविवारी सकाळी माउस. नारिंगी उंदीर, निळा हत्ती, पिवळं बदक. 1971मध्ये सुरू झालेला कार्यक्रम. टूथपेस्टमध्ये पट्टे कसे जातात, असले पोरांचे प्रश्न घ्यायचे आणि कारखान्यात जाऊन यंत्र उघडून दाखवायचं, हा त्यांचा खाक्या. सुरुवातीला आज काय काय आहे ते आधी जर्मनमध्ये सांगतात आणि मग तेच दुसऱ्या एखाद्या भाषेत, दर आठवड्याला वेगळ्या. परदेशातून कामाला आलेल्यांच्या मुलांना आपलीही भाषा ऐकू यावी, इथून ती रीत पडली. आमच्या लेकीचा दर रविवारचा उद्योग म्हणजे भाषा ओळखणे. मराठी कधी लागणार, हा तिचा प्रश्न. मी तिला सांगितलंय, पत्र लिही त्यांना, आपण पैसे भरतो.

सासूबाई मिरजेहून तीन महिने राहायला आल्या तेव्हा या सेवेची खरी परीक्षा झाली. जर्मनचा एक शब्द येत नाही, आम्ही दोघं कामावर. त्यांनी स्वतःच रिमोट फिरवून लाइपझिगच्या प्राणिसंग्रहालयाची मालिका शोधून काढली, एलेफांट, टिगर उंट को. राखणदार हत्तिणीच्या पायाची नखं घासतोय, एक पाय झाला की ती आपणहून दुसरा पुढे करते, आणि कॅमेरा घाई न करता तिथेच थांबलेला. मी संध्याकाळी घरी आले की आई मला दिवसभराचा वृत्तांत देणार. ‘अगं, त्या लहानग्याला आज आईजवळ सोडलं. बाई जवळच घेईना त्याला.’ भाषेवाचून त्यांचं काही अडलं नाही. मिरजेला परत गेल्यावर फोनवर पहिली चौकशी माझ्या आधी हत्तीच्या पिल्लाची. मिरजेतल्या टीव्हीवर ते लागत नाही, हे त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली.

एसडब्ल्यूआरचा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. पूर्वी दोन होते, स्टुटगार्टचा एक आणि बाडेनबाडेन-फ्रायबुर्गचा एक. खर्च परवडेना म्हणून 2016मध्ये ते एकत्र केले आणि त्यावर बरीच रडारड झाली. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण आकाशवाणीच्या ग्रेडवर घर चालवलेले तबलजी आमच्या वाड्यात होते, त्यामुळे रेडिओने वादक पोसायचे असतात याचं मला नवल वाटत नाही. स्टुटगार्टच्या डोंगरावरचा टीव्ही टॉवरही याच घराण्यातला. 1956 साली इथल्या रेडिओसंस्थेने लोखंडी मनोरा न उभारता काँक्रीटचा, वर गच्ची आणि उपाहारगृह असलेला बांधला आणि तिकिटांच्या पैशांतून खर्च काढला. पाहुणे आले की आम्ही तिथे नेतो. वारा जबरी असतो, कानटोपी घ्या.

एवढं सगळं असून तारे कापले ते का, ते आता.

एक म्हणजे खून. संध्याकाळी सव्वाआठनंतर कुठलंही सार्वजनिक चॅनल लावा, कुणीतरी नदीकाठी मरून पडलेलं असतं आणि दोन पोलीस कॉफी पीत त्याच्याकडे बघत असतात. टाटओर्ट ही खुनांच्या तपासाची मालिका 1970पासून चालू आहे, ती रविवारी बघायची इथे प्रथाच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण सोमवारी, बुधवारी, शनिवारीही तेच? यातला निम्मा पैसा चांगल्या माहितीपटांना दिला तर कुणाचं काही बिघडणार नाही. आणि चांगले माहितीपट असतातच. फक्त ते रात्री अकराला दाखवतात, जेव्हा सकाळी सहाची शिफ्ट असलेला माणूस घोरत असतो. मेडियाथेक ही त्यांची इंटरनेटवरची सोय आहे म्हणा, तिथे सवडीने बघता येतं. पण तिथूनही काही काळाने कार्यक्रम काढून टाकतात. पैसे आमचे, तर काढता कशाला?

दुसरं, जाहिराती. डॉइचलांडफुंक आणि किका स्वच्छ आहेत. पण एआरडी-झेडडीएफच्या मुख्य वाहिन्यांवर आठवड्याच्या दिवसांत रात्री आठपर्यंत सरासरी वीस मिनिटं जाहिरातींना परवानगी आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला बसा, सांधेदुखीची मलमं आणि झोपेच्या गोळ्या एकामागून एक. प्रेक्षक कोण आहेत ते न सांगता कळतं. सक्तीने वर्गणी घ्यायची आणि वर मलमही विकायचं, हे मला पटत नाही.

क्रिकेटबद्दल बोलतच नाही. नवी मुंबईत आपल्या पोरींनी विश्वचषक जिंकला त्या रविवारी आमच्या घरात सगळे पैसे दुसऱ्याच ॲपला गेले होते.

तिसरं जास्त गंभीर. 2022च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या आरबीबी या रेडिओ-टीव्ही संस्थेच्या प्रमुख पॅट्रिशिया श्लेसिंगर यांच्यावर उधळपट्टीचे आरोप झाले. मसाजच्या सीटची गाडी, कचेरीच्या मजल्याचं महागडं नूतनीकरण, घरच्या मेजवान्यांची बिलं. त्यांनी आरोप फेटाळले, पण पद गेलं, आणि तेव्हा त्या एआरडीच्याही अध्यक्ष होत्या. त्याच सुमारास कोलोनच्या डब्ल्यूडीआर या तशाच संस्थेच्या प्रमुखांचा वर्षाचा पगार चार लाख युरोंच्या वर असल्याचे आकडे सगळीकडे छापून येत होते. आमच्या लॅबच्या चहाच्या खोलीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. आणि त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2021च्या महापुराच्या रात्री, डब्ल्यूडीआरने नेहमीचे कार्यक्रम थांबवून लोकांना वेळेत सावध केलं नाही, अशी सडकून टीका झाली. मला गाडीपेक्षा हे जास्त लागलं. कृष्णेचं पाणी चढताना मी लहानपणापासून बघत आलेय. पुराच्या रात्री रेडिओने काय करायचं असतं हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. सक्तीच्या वर्गणीचं सगळ्यात मोठं समर्थन जर काही असेल तर अशा रात्री वेळेत मिळणारा इशारा.

मग एवढं असूनही सक्ती हवी का? माझं उत्तर हो. इथे मी माझ्या बऱ्याच मित्रमंडळींशी भांडून बसलेय.

त्यांचं म्हणणं सोपं आहे. नेटफ्लिक्स बघतो तो नेटफ्लिक्सचे पैसे देतो, मग जो टागेसशाऊ बघतो त्याने टागेसशाऊचे द्यावेत. पण हा हिशेब सोसायटीच्या मेंटेनन्सला कुणी लावतं का? तळमजल्यावरचा माणूस लिफ्टचे पैसे देतोच, जिन्यातला दिवा माझ्यासाठी लावला नाही म्हणून कुणी वजावट मागत नाही. इथल्या संविधान न्यायालयानेही जुलै 2018मध्ये साधारण हेच धरलं, की प्रत्यक्ष बघता की नाही हा प्रश्न नाही, बघायची सोय तुमच्यासाठी आहे हाच लाभ. त्याच निकालात त्यांनी एक चूक दुरुस्तही केली. एकाच माणसाला दोन घरांसाठी दोनदा भरायला लावणं चूक, असं सांगितलं. आमचा नवरा काही काळ आठवडाभर म्युनिकमध्ये खोली घेऊन राहायचा, तेव्हा अर्ज केल्यावर त्या खोलीचा बायट्राग माफ झाला तो या निकालामुळे. आणि ऑक्टोबर 2025मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने आणखी एक दार किलकिलं केलं. कार्यक्रमांत दीर्घ काळ ठळकपणे विविधता नसेल, तर ही वर्गणी घटनाबाह्य ठरू शकते. सिद्ध करणं महाकठीण, पण निदान प्रश्न विचारायला जागा झाली.

सरकारने करातूनच द्यावेत की पैसे, वेगळी कटकट कशाला, असंही म्हणतात. याचं उत्तर जर्मनीत शोधायची गरज नाही. माझ्या बाबांच्या कपाटात अजून रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक आहे, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. वर्षाला पंधरा रुपये भरायचे, पोस्टात रांग लावून. ते लायसन्स 1980च्या दशकात गेलं आणि सगळ्यांना आनंद झाला, बाबांनाही. पण आपल्याकडे लायसन्स असतानाही किल्ली सरकारच्याच हातात होती. आणीबाणीत किशोरकुमार आकाशवाणीवरून गायब झाला तो काही श्रोत्यांना कंटाळा आला म्हणून नव्हे. प्रसारभारती स्वायत्त करायचा कायदा 1990चा, तो अमलात यायला 1997 उजाडलं, आणि आजही पगार निघतात ते सरकारी अनुदानातून. ज्याच्या हातून पगार, त्याच्याविरुद्धची बातमी पहिली लावायला छाती लागते.

जर्मनांनी हे आपल्यापेक्षा फार वाईट रीतीने भोगलंय. गोबेल्सच्या हातात रेडिओ गेल्यावर काय झालं ते सांगायला नको. म्हणून युद्धानंतर रेडिओ केंद्र सरकारकडे न देता प्रांतांकडे वाटला. तेव्हाचा चान्सलर आडेनाउअर याने 1960च्या सुमारास स्वतःच्या सरकारची टीव्ही कंपनी काढायचा घाट घातला, तो संविधान न्यायालयाने फेब्रुवारी 1961मध्ये मोडून काढला. आजही दर किती असावा ते मंत्री ठरवत नाहीत. केईएफ नावाचं सोळा तज्ज्ञांचं मंडळ आहे, प्रत्येक राज्याचा एक. ते संस्थांच्या मागण्यांना कात्री लावून आकडा सुचवतं आणि मग सोळाच्या सोळा राज्यांची मंजुरी लागते. 2020च्या डिसेंबरात एकट्या सॅक्सनी-आनहाल्टने 86 सेंटची वाढ अडवली. पुढच्या जुलैत न्यायालयाने ती लागू केली आणि 17.50चे 18.36 झाले. नंतर 18.94ची शिफारस आली, तिच्यावरही राज्यं बसून राहिली आणि नोव्हेंबर 2024मध्ये एआरडी-झेडडीएफ पुन्हा न्यायालयाच्या पायरीवर. वेळखाऊ, कटकटीचं, सगळ्यांना चिडवणारं यंत्र आहे. पण त्यातून कुठल्याही एका नेत्याला नळ बंद करता येत नाही.

एक सल मात्र आहे. हे सगळं ठरवताना ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला कुणी विचारत नाही. शेजारच्या स्वित्झर्लंडने विचारलं. तिथे वर्षाला 451 फ्रँक होते तेव्हा, मार्च 2018मध्ये, वर्गणी रद्द करायची का यावर थेट मतदान झालं. 71.6 टक्के लोकांनी सांगितलं, नको, राहू द्या. इथे असं मतदान घ्यायला लोक घाबरतात, आणि मला वाटतं उगाच घाबरतात.

आता सगळ्यात मोठ्या कापलेल्या ताऱ्याकडे येते. सोसायटीत राहिलेल्या कुणालाही हे भांडण ओळखीचं वाटेल. मेंटेनन्स भरायचा यावर वाद नसतो. वन बीएचकेने थ्री बीएचकेइतकाच का भरायचा, यावर वार्षिक सभेत खुर्च्या उचलल्या जातात. बायट्राग सगळ्यांना सारखा. कारखान्याच्या मालकाला 18.36, आमच्या लॅबमध्ये पहाटे फरशी पुसणाऱ्या बाईला 18.36. खालच्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात, त्यांना पूर्ण. वरच्या मजल्यावर पाच इंजिनिअर मिळून राहतात, त्यांना माणशी 3.67. आणि विद्यार्थी वसतिगृहात सार्वजनिक वऱ्हांड्यात उघडणारी एक खोली घेतली, तर ती खोली म्हणजे स्वतंत्र घर, पोराने एकट्याने 18.36 भरायचे. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ब्लॉक केलेल्या त्याच्या खात्यातून महिन्याला मिळतात 992 युरो. त्यात खोली, जेवण, विमा.

सूट आहे, नाही असं नाही. सरकारी निर्वाहभत्त्यावर असलेल्यांना माफ, बाफ्योग ही शिक्षणाची सरकारी मदत घेऊन घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना माफ, ठरावीक अपंगत्व असलेल्यांना एक तृतीयांश, 6.12. पण आपल्या मुलांना विद्यार्थी व्हिसावर बाफ्योग सहसा मिळतच नाही, म्हणजे ते दार बंद. आणि भत्त्याच्या मर्यादेच्या जरा वर असलेल्यांची गंमत बघा. उत्पन्न त्या मर्यादेपेक्षा 18.36 युरोंहून कमी फरकाने जास्त असेल, तर अर्ज करून माफी मिळते. तीस युरोंनी जास्त असेल, तर पूर्ण भरा. खालच्या आजींचं पेन्शन नेमकं त्या दुसऱ्या बाजूला पडतं. त्या हे मला जिन्यात सांगतात ते तक्रारीच्या सुरातही नाही, दुधाचा भाव सांगावा तसं. टागेसशाऊ त्या रोज बघतात, आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. म्हणजे माल त्यांना हवाय.

हे सोडवता येतं, आणि सरकारच्या हातात किल्ली न देताही. फिनलंडने 2013पासून, बायट्राग सुरू झाला त्याच वर्षी, वेगळी वाट धरली. तिथे ठरावीक कमाईच्या खाली शून्य, तिच्या वरच्या उत्पन्नावर अडीच टक्के, आणि वरची मर्यादा वर्षाला 160 युरोंच्या आसपास. वसूल होतो तो आयकराबरोबर, पण जमा होतो सरकारी अंदाजपत्रकाबाहेरच्या निधीत. स्वीडननेही 2019पासून असंच केलं, उत्पन्नाच्या एक टक्का, वर टोपी. घरोघर पत्रं नाहीत, वऱ्हांड्यातल्या दाराची मोजणी नाही, कोण कुणाबरोबर राहतं याची चौकशी नाही. ग्रुपवरच्या एकाने मला सुनावलं, ‘मग तो करच झाला की.’ झाला तर झाला. आज तरी बायट्राग वेगळा काय आहे? फक्त गरिबाला जड पडणारा.

फिनलंडचा कर माणशी असतो, घरामागे नाही, आणि माझ्या या सूचनेतली अडचण मला ठाऊक आहे. आज आम्ही वर्षाला 220.32 युरो भरतो. त्यांच्या हिशेबाने आमच्या दोन पगारांच्या घराला सव्वातीनशेच्या जवळपास पडतील, आणि आजींना बहुधा काहीच नाही किंवा थोडेसे. नवऱ्याला हे जेवताना सांगितलं तर तो म्हणाला, ‘शंभर युरो जास्त, आणि क्रिकेट तरीही नाही?’ तरीही नाही. पण त्या संध्याकाळच्या मलमाच्या जाहिराती बंद करणार असतील, तर मी फॉर्मवर आजच सही करते.